निवृत्त प्राध्यापकांची संघटना काढताय? आधी सभासदत्वाचं कलम लिहा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या भागातल्या चार-पाच अनुदानित महाविद्यालयांतून निवृत्त झालेले सत्तरेक प्राध्यापक आहेत. आजवर व्हॉट्सॲप गटावर वाढदिवस आणि श्रद्धांजली एवढंच चालत आलं. आता रीतसर संघटना काढायची आहे. नोंदणी कशी करावी, घटनेत काय असावं, पदाधिकारी किती वर्षं ठेवावेत आणि सहल-स्नेहमेळाव्यापलीकडे नेमकं काम काय करावं, हे तुम्ही विचारलंय. मी रसायनशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर एका जिल्ह्याच्या संघटनेत आधी सहकार्यवाह झाले आणि 2021 पासून कार्यवाह म्हणून काम केलं. जे सांगते ते त्या कामातूनच आलेलं आहे.

मी कार्यवाह कशी झाले ते आधी सांगते, म्हणजे पुढचं का सांगतेय ते लक्षात येईल. आमचे आधीचे कार्यवाह सर अतिशय टापटिपीचे होते. बारा वर्षं त्यांनी संघटना एकहाती चालवली. नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत, इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, पावतीपुस्तकं, चेकबुक असं सगळं दप्तर त्यांच्या घरी एका गोदरेजच्या कपाटात असे. काही विचारायचं झालं की फोन करायचा, पाच मिनिटांत उत्तर. एप्रिल 2021 मध्ये ते करोनात गेले. मुलगा परगावी, वहिनी स्वतः आजारी. जूनमध्ये आम्ही दोघी-तिघं त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कपाट रिकामं होतं. घर आवरताना जुने कागद रद्दीत गेले होते. वहिनी सारखं म्हणत होत्या, "मला कुणी सांगितलंच नाही हो, हे तुमचं होतं म्हणून." त्यांचा काहीच दोष नव्हता. आम्ही त्यांना कधी सभासद करून घेतलं नव्हतं. सभेला त्या यायच्या त्या चहाच्या वेळी. त्यानंतर बँकेत सह्या बदलायला, धर्मादाय कार्यालयातून प्रमाणपत्राची नक्कल मिळवायला आणि सभासदांची यादी नव्याने जुळवायला आम्हाला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत आमचे सहा सभासद गेले आणि त्यांच्या घरच्यांना आम्ही धड मदत करू शकलो नाही.

तेव्हा घटनेचं प्रत्येक कलम लिहिताना एक प्रश्न विचारा: उद्या अध्यक्ष किंवा कार्यवाह आजारी पडले, गेले, मुलाकडे पुण्याला किंवा अमेरिकेला राहायला गेले, तर हे कलम चालेल का? इतर संस्थांत हा प्रसंग कधीतरी येतो. आपल्यात तो दर वर्षी येतो.

आता नोंदणी. महाराष्ट्रात बहुतेक निवृत्त प्राध्यापक संघटना संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदवलेल्या असतात. किमान सात जण लागतात. ज्ञापनपत्र (संस्थेचं नाव आणि उद्देश सांगणारा कागद) आणि नियमावली घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जायचं, तिथेच सहायक संस्था निबंधकाचं काम चालतं. उद्देश लिहिताना जरा थांबा. "सभासदांचे निवृत्तिवेतनाचे प्रश्न सोडवणे" एवढा एकच उद्देश लिहून मसुदा नेलात तर परत यायची शक्यता मोठी. या कायद्याच्या कलम 20 मध्ये धर्मादाय कामं, विज्ञान-साहित्य-कलांचा आणि उपयुक्त ज्ञानाचा प्रसार, ग्रंथालयं असे हेतू दिले आहेत. प्राध्यापकांच्या संघटनेला हे हेतू मुद्दाम शोधावे लागत नाहीत, आपण आयुष्यभर तेच केलं. ते पहिले लिहा, सभासदांचं कल्याण त्यानंतर. पण जे लिहाल ते करायचं आहे असं समजूनच लिहा. त्याच्याकडे मी शेवटी येते.

धर्मादाय हेतूची संस्था असल्यामुळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालीही नोंदणी करावी लागते. तो अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण निम्म्या संघटना इथेच अडकलेल्या असतात. कार्यकारिणी बदलली, एखादे पदाधिकारी गेले, कुणी राजीनामा दिला, की 90 दिवसांच्या आत कलम 22 नुसार बदल अर्ज द्यावा लागतो. आपण सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतो. निवडणूक होते, हारतुरे होतात, फोटो काढले जातात आणि चेंज रिपोर्ट राहून जातो. तीन वर्षांनी दुसरी कार्यकारिणी येते, तिचा अर्ज घेऊन गेलं की विचारणा होते, मधला कुठे आहे? मग जुनी सूचना, जुनं इतिवृत्त, उपस्थितीच्या सह्या, संमतिपत्रं असं सगळं शोधत बसायचं. यातली निम्मी माणसं तोवर हयात नसतात. म्हणून आमच्याकडे आता पद्धत अशी आहे की निवडणुकीच्या सभेतच नव्या सदस्यांची संमतिपत्रं भरून घ्यायची. छापील नमुना तयार असतो. सही झाल्याशिवाय गुलाबपुष्प नाही. शिवाय 1860 च्या कायद्याप्रमाणे वार्षिक सभेनंतर 14 दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी दाखल करायची असते, तीही त्याच फेरीत उरकते.

सभासदत्व. सगळ्यात जास्त वेळ या कलमावर घालवा.

नेहमीचं वाक्य असं असतं: "विद्यापीठ अथवा संलग्न महाविद्यालयातून निवृत्त झालेला कोणताही पूर्णवेळ प्राध्यापक सभासद होऊ शकेल." यात तीन माणसं बाहेर राहतात. पहिली म्हणजे सभासदाची पत्नी किंवा पती. माझं ठाम मत आहे की जोडीदाराला स्वतःच्या नावाने, मतदानाच्या हक्कासह सभासद करून घ्यावं. सहयोगी सभासद, सन्माननीय सभासद असले मधले दर्जे नकोत. कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी बाई ही निवृत्तिवेतनधारकच असते. पती गेल्यावर तिला पुढे दहा-पंधरा वर्षं एकटीने ट्रेझरी, बँक आणि आपली संघटना यांच्याशी बोलायचं असतं. जिवंतपणी जिला आपण चहाच्या वेळी बोलावलं, ती त्या दिवशी आपल्याला फोन करायला संकोचते. हे मी बघितलंय. आमच्याकडे घटनादुरुस्ती करताना दोन-तीन ज्येष्ठ सरांचा विरोध होता, प्राध्यापकांची संघटना प्राध्यापकांचीच राहावी म्हणून. ती भावना मला समजते. पण आज आमच्या कार्यकारिणीत अशा दोन वहिनी आहेत आणि घरी भेटीला जायचं काम त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही.

दुसरे म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर लागलेले. त्यांना जुनी पेन्शन नाही, पगारातून दरमहा कापलेल्या वर्गणीवर चालणारी अंशदायी योजना आहे. त्यांच्यातले वयाने मोठे असताना लागलेले आता निवृत्त होताहेत. त्यांचे प्रश्न आपल्यापेक्षा वेगळे आणि अवघड आहेत. तिसरे म्हणजे विनाअनुदानित तुकड्यांवर किंवा तासिका तत्त्वावर वीस-वीस वर्षं शिकवून काहीही हाती न येता घरी बसलेले. "पूर्णवेळ" हा एक शब्द लिहिला की ते बाहेर जातात. तो शब्द लिहू नका, सर. त्यांनीही त्याच फळ्यावर लिहिलं, त्याच मुलांना शिकवलं.

वर्गणीबद्दल थोडं. 1860 च्या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. वार्षिक वर्गणी ठेवायची आणि मागायला लाज वाटते म्हणून गोळा करायची नाही, असं दोन-तीन वर्षं झालं की कागदोपत्री तुमच्या संघटनेत मतदारच उरत नाहीत. निवडणुकीत थोडी चुरस झाली की कुणीतरी हे काढतंच. आजीव वर्गणी ठेवली तर हा प्रश्न मिटतो, पण पैशाचा प्रश्न उभा राहतो. 70 जणांचे प्रत्येकी 2000 म्हणजे 1,40,000 रुपये. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला 9800. त्यात हिशेबतपासणीसांची फी, टपाल आणि दोन सभांचा चहा निघतो. म्हणून आजीव वर्गणी कायम निधीत टाका, तिला हात लावायचा नाही असं घटनेतच लिहा, आणि चालू कामासाठी दर वर्षी ऐच्छिक देणगी मागा. प्राध्यापक देतात. पावती वेळेवर आणि हिशेब छापून दिला की आनंदाने देतात. आमच्याकडे महागाई भत्त्याची थकबाकी जमा झाली की आठवणीने हजार-दोन हजार पाठवणारे आहेत.

ठेवी कुठे ठेवाव्या यावर फार खल नको. जास्त व्याजाच्या मागे पतसंस्थेत जाऊ नका. बँकेतल्या ठेवींना विम्याचं संरक्षण 2020 पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत आहे, ते पतसंस्थेला नाही. विश्वस्त संस्थेचा पैसा कुठे गुंतवावा यावर 1950 च्या कायद्यातही बंधनं आहेत.

कार्यकारिणी. अकरा जण पुरेत. मुदत तीन वर्षं, एका पदावर सलग दोन मुदती, त्यानंतर सक्तीची विश्रांती. हे कलम लिहिताना तुम्हाला वाटेल की माणसंच मिळत नाहीत, त्यात असलेली कशाला घालवायची? आम्हालाही तसंच वाटायचं. पण कार्यवाह बारा वर्षं तोच असला की तेराव्या वर्षी दुसरा कुणी तयार होत नाही. माझा अनुभव आहे की जागा रिकामी दिसल्याशिवाय माणूस पुढे येत नाही. आणखी दोन अटी घालाच. कार्यकारिणीत किमान तीन जण गेल्या पाच वर्षांत निवृत्त झालेले असावेत. आणि किमान दोन जागा कुटुंब निवृत्तिवेतनधारकांसाठी असाव्यात. अध्यक्ष हे मानाचं पद असू द्या, एखादे माजी प्राचार्य, माजी कुलगुरू असतील तर उत्तम. रोजचं काम कार्याध्यक्ष आणि कार्यवाहांकडे.

बँकेच्या खात्यावर तीन सह्या नोंदवा, त्यातल्या कुठल्याही दोघांच्या सहीने व्यवहार होईल असा ठराव करा. तिघांपैकी एक जण सत्तरीच्या आतला असावा. दप्तर कुणाच्याही घरी ठेवायचं नाही. आम्ही एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट मागून घेतलं. किल्ल्या दोन, एक कार्यवाहांकडे आणि दुसरी कोषाध्यक्षांकडे. महत्त्वाचे कागद स्कॅन करून तिघांकडे. कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय: कुठली फाइल कुठल्या फळीवर, खातं कुठल्या बँकेत, पॅन क्रमांक, हिशेबतपासणीसांचा फोन. नवा माणूस आला तर पंधरा मिनिटांत उभा राहतो.

न्यायालयात संघटनेच्या वतीने दावा कुणाच्या नावाने चालेल हेही नियमावलीत लिहून ठेवा. त्याची गरज कधी पडेल सांगता येत नाही. 17 डिसेंबर 1982 चा सर्वोच्च न्यायालयाचा डी. एस. नकारा निकाल आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे हे त्यात ठासून सांगितलं गेलं, आणि म्हणून 17 डिसेंबरला पेन्शनर दिन होतो. त्या घटनापीठाचे प्रमुख होते आपल्या पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. पण त्यातला एक तपशील फारसा सांगितला जात नाही. तिसरा अर्जदार ही एक संस्था होती, 1860 च्या याच कायद्याखाली नोंदवलेली. स्वतंत्रपणे दाद मागायला ज्यांच्याकडे पैसा आणि ताकद नाही अशा निवृत्तांची बाजू तिने मांडली आणि न्यायालयाने तिचा तो हक्क मान्य केला. नोंदणीच्या कटकटीला कंटाळून कुणी म्हणालं की कशाला हवी ही नोंदणी, तर त्यांना हे सांगा. योगायोग असा की आपल्याकडच्या अशासकीय अनुदानित महाविद्यालयांना पेन्शन योजना लागू झाली तीही 1 ऑक्टोबर 1982 पासून.

सभांबद्दल. वर्षातून एक वार्षिक सर्वसाधारण सभा आणि कार्यकारिणीच्या किमान चार. गणपूर्ती एक-तृतीयांश वगैरे लिहू नका, कधीच होणार नाही. एक-पंचमांश किंवा पंधरा, यातली जी कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट नसेल, हेही लिहा. मात्र घटनादुरुस्तीला ही सवलत देऊ नका. संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर कायद्याप्रमाणे दोन विशेष सभा लागतात, दोन्हींत तीन-पंचमांश बहुमत, आणि मध्ये महिन्याचं अंतर. सभा तळमजल्यावर घ्या. आमची पूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात व्हायची, लिफ्ट नव्हती, आणि लोकांना आस्था नाही म्हणून आम्ही दुःख करत बसायचो. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत घेतली तर पहिल्याच वेळी उपस्थिती दुप्पट झाली. वेळ दुपारी चार, अंधार पडायच्या आत घरी. माईक हवाच, तीस माणसांनाही हवा. ज्यांना ऐकू कमी येतं ते सांगत नाहीत, फक्त पुढच्या सभेला येत नाहीत.

आता काम.

पहिलं काम माणूस गेल्यानंतरचं. बातमी आली की आपण गटावर हात जोडलेली चित्रं टाकतो. ते असू दे. पण संघटनेचा एक माणूस आणि एक बाई तेराव्यानंतरच्या आठवड्यात घरी गेली पाहिजे, सोबत एक छापील कागद घेऊन. त्यावर: मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती, पीपीओची (निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशाची) आपली प्रत, जोडीदाराचं आधार आणि पॅन, फोटो, बँक पासबुक, कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज. बँकेला आणि कोषागाराला लगेच कळवायचं, कारण कळवलं नाही तर पेन्शन जमा होत राहते आणि मग तीच रक्कम परत मागितली जाते. बाईंना वाटतं आपल्यावर आळ आला. कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. पीपीओवर लग्नानंतरचं नाव, आधारवर तेच पण एक अक्षर वेगळं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. एका वहिनींच्या बाबतीत एका वेलांटीमुळे पाच महिने गेले. त्या दर सोमवारी रिक्षा करून जायच्या, पिशवीत तीच फाइल. पाच महिने घरात एक पैसा येत नव्हता, आणि त्या कुणाला सांगत नव्हत्या.

यावरचा उपाय माणूस जिवंत असतानाच करायचा असतो. आम्ही दर ऑक्टोबरमध्ये एक दुपार "कागद तपासणी" ठेवतो. प्रत्येकाने जोडीदारासह यायचं, फाइल घेऊन. टेबलं मांडलेली असतात. एका टेबलावर पीपीओ: जोडीदाराचं नाव आहे का, आधारशी जुळतं का, जोडीदाराची जन्मतारीख नोंदवली आहे का. ही जन्मतारीख फार महत्त्वाची. 80 वर्षांनंतर वाढीव निवृत्तिवेतन मिळतं, कुटुंब निवृत्तिवेतनालाही मिळतं, पण नोंद नसेल तर ते आपोआप सुरू होत नाही. दुसऱ्या टेबलावर बँक: खातं संयुक्त आहे का, थकबाकीचं नामनिर्देशन झालंय का. तिसऱ्यावर अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घेतलेले पैसे: विकलेला भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो, ती तारीख कुणाची जवळ आली आहे. तीन टेबलं, तीन तास, आणि दर वर्षी सात-आठ चुका सापडतात. माझ्या मते संघटनेचा याहून मोलाचा कार्यक्रम नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. बँकेच्या यादीवर सही करायची किंवा जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन दाखला, काढायचा. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी आधीच करून ठेवा. आमचे एक सर भूगोलाचे, शेवटची दोन वर्षं पलंगावर होते. बोटांचे ठसे यंत्राला लागेनात, वयाने झिजलेले. एका तरुण सभासदाने मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायची सोय वापरली. खोलीत उजेड कमी होता, सुनेने पडदा सरकवला, सरांना उशीला टेकवून बसवलं, पापण्यांची उघडझाप करायला सांगितलं. तिसऱ्या प्रयत्नात झालं. सर म्हणाले, "मी आहे, असं सरकारला कळलं एकदाचं." तो तरुण सभासद म्हणजे बासष्ट वर्षांचा. अशी दोन-तीन माणसं तयार करा, ती घरोघर जातील.

ऑनलाइन फसवणुकीवर वर्षातून दोनदा तरी बोला. पीपीओ क्रमांक आणि निवृत्तीची तारीख सांगून "दाखला अद्ययावत करतो, ओटीपी द्या" असे फोन येतात. डिजिटल अटकेच्या नावाखाली शिकलेल्या माणसांना तासन्‌तास कॅमेऱ्यापुढे बसवून ठेवतात. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावा. फसलेल्या माणसाला सभेत बोलायला सांगायचं नाही. तो आपण होऊन बोलला तर ऐकायचं.

मग वसुलीची प्रकरणं. निवृत्तीच्या तोंडावर किंवा नंतर पत्र येतं की वीस वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली होती, इतके लाख भरा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या रफीक मसीह निकालाचा आधार सगळे घेतात, निवृत्तांकडून वसुली नको असं त्यात आहे. पण 2016 च्या जगदेव सिंग निकालात असंही आहे की जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलं असेल तर वसुली होऊ शकते. आणि आपण प्रत्येक वेतन आयोगाच्या वेळी अशा हमीपत्रांवर न वाचता सह्या केल्या आहेत. म्हणून वकिलाकडे जायच्या आधी सेवापुस्तकाची नक्कल मिळवून हमीपत्र कुठल्या वर्षीचं, कशाबद्दलचं, हे बघा. नक्कल मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. तिथेही एक सूचना: तो हक्क कायद्याने नागरिकाला दिलेला आहे, म्हणून अर्ज संघटनेच्या लेटरहेडवर करू नका, ज्याचं प्रकरण त्याच्याच नावाने करा. उत्तराची मुदत 30 दिवस.

न्यायालयीन लढ्याचं खातं वेगळं ठेवा, संघटनेच्या निधीत मिसळू नका. अनेकदा निकालाचा लाभ कार्यालयं फक्त अर्जदारांनाच देतात, बाकीच्यांना पुन्हा जावं लागतं. त्यामुळे कोण अर्जदार, कुणी किती पैसे भरले, याची नोंद चोख हवी. संघटना फुटतात त्या बहुतेक याच पैशावरून.

हे सगळं पेन्शनचं झालं. घटनेत आपण ज्ञानाचा प्रसार लिहिलाय, त्याचं काय?

व्याख्यानमाला सगळेच करतात, तुम्हीही कराल. मी दोन कामं सुचवते. एक म्हणजे पुस्तकं. प्राध्यापक गेला की त्याच्या घरातली चार कपाटं पुस्तकं कुणालाच नको असतात. महाविद्यालयाचं ग्रंथालय म्हणतं जागा नाही, यादी करून द्या. घरच्यांना यादी करता येत नाही. आमच्या एका संस्कृतच्या मॅडमची पुस्तकं टेम्पोत भरली जाताना मी पाहिली. वर एक कोश होता, प्रत्येक पानाच्या समासात त्यांच्या बारीक पेन्सिलीच्या टिपा, तीस वर्षांच्या. तो तेवढा मी उतरवून घेतला. त्यानंतर आम्ही ठरवलं की सभासद हयात असतानाच, त्याच्या शेजारी बसून यादी करायची. तो सांगतो, हे कुणाकडून आलं, हे कुठे मिळत नाही, हे अमक्या विद्यार्थ्याला द्या. निवृत्त ग्रंथपालांना यासाठी मुद्दाम संघटनेत घ्या. यादी असली की ग्रंथालयं नाही म्हणत नाहीत.

दुसरं म्हणजे आठवणींचं ध्वनिमुद्रण. आज पंच्याऐंशीच्या पुढे असलेल्या प्राध्यापकांनी 1972 च्या दुष्काळात विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव काम केलंय. राष्ट्रीय सेवा योजना 1969 ला सुरू झाली, तिची पहिली शिबिरं त्यांनी भरवली. तालुक्याच्या गावी महाविद्यालय आलं तेव्हा पहिल्या वर्गात किती मुली होत्या, प्रयोगशाळेत गॅस नव्हता तेव्हा काय केलं, हे फक्त त्यांनाच माहीत आहे. मोबाइल पुरतो. एका वेळी चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नको, ते दमतात. मुद्रण कुठल्या दिवशी, कुणी, कुणाचं घेतलं हे सुरुवातीलाच बोलून घ्या. लिहिते सभासद असतील तर मराठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांसाठी नोंदी लिहिण्याचंही काम आहे, त्यात आपल्या विषयाचं शिक्षण पुन्हा कामाला येतं.

सहल जरूर काढा. फक्त बसला मागची पायरी उंच नसावी आणि दर दीड तासाला थांबा असावा.

शिक्षकांच्या चालू संघटनेत, सिनेटच्या निवडणुकीत, महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाच्या भांडणात संघटना म्हणून उतरू नका. व्यक्ती म्हणून ज्याचं त्याने ठरवावं. सत्तर माणसांत चार मतं असतात आणि पेन्शनची फाइल चौघांचीही अडते.

मसुद्याला हात घालाल तेव्हा पहिल्या बैठकीलाच जोडीदारांना बोलवा. सभासदत्वाच्या अर्जावर दोन फोटो, दोन सह्या, दोन मोबाइल क्रमांक असे रकाने करा. पाठीमागे पीपीओ क्रमांक, बँक, जोडीदाराची जन्मतारीख, आणि शेवटचा रकाना: "आमची कागदपत्रांची फाइल घरात कुठे आहे." आमच्या अर्जावर तो आहे. परवाच एका घरी गेलो होतो. वहिनी गोंधळून गेल्या होत्या, काही सुचत नव्हतं. आम्ही अर्ज काढून वाचला, देवघराशेजारच्या कपाटात खालचा खण, आणि निळी फाइल तिथेच होती.